सिगारेट सोडून व्हेप: फुप्फुस, हृदय आणि कर्करोग यांच्या हिशेबात दीर्घकाळात फरक किती?

अनुजा_डोंबिवली

नेमकी उत्तरं हवी आहेत, म्हणून तपशील आधीच देते.

मोठा भाऊ, वय ५५, इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. ३० वर्षं रोज साधारण १५ सिगारेटी. आठ महिन्यांपूर्वी तिथल्या धूम्रपान सोडवणाऱ्या सरकारी केंद्राच्या सल्ल्याने व्हेप (ई-सिगारेट) सुरू केलं. द्रव मिलीमागे २० मिलिग्रॅम निकोटिनचं, दिवसाला २ मिलीच्या आसपास संपतं. रोजची सिगारेट बंद झाली, पण शनिवार-रविवारी मित्रमंडळींत दोन-तीन होतातच.

वडील, वय ७९, आमच्याकडे डोंबिवलीत. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसाचा आजार) आहे, इनहेलर आणि डेरिफायलिनची गोळी चालू आहे. तरी दिवसाला १०-१२ विड्या. कवळी आहे. भाऊ दिवाळीला येणार आहे आणि "बाबांनाही एक व्हेप आणतो, विडी तरी सुटेल" असं म्हणतोय.

विचारायचं असं: वीस वर्षांच्या हिशेबाने व्हेप खरंच कमी घातक आहे का, की धोका फक्त बदलतो? आठवड्यातून चार-पाच सिगारेटींनी काही बिघडतं का? "पॉपकॉर्न लंग"चे मेसेज फिरतात त्यात तथ्य किती? आणि बाबांना व्हेप द्यावं का?

---

फुप्फुसतज्ज्ञ_मिरज

अनुजाताई, मूळ फरक जळण्याचा आहे. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तंबाखू जळताना सुमारे ७,००० रसायनं तयार होतात आणि त्यांतली किमान ७० कर्करोग करणारी आहेत. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड ही दोन्ही ज्वलनाचीच देणगी. व्हेपमध्ये तंबाखूचं पान नसतं आणि काही जळत नाही. एक बारीक तारेची गुंडाळी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्य यांचं मिश्रण तापवते, आणि त्याचे सूक्ष्म थेंब आत जातात. उपकरण नीट चालत असेल तर तापमान दोन-अडीचशे अंशांच्या आसपास राहतं. त्यामुळे डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही.

कर्करोगाचं बघू. तंबाखूतल्या नायट्रोसामाइन गटाच्या एका जहाल रसायनाचा अंश लघवीत मोजता येतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिगारेट पूर्ण सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ फक्त व्हेप वापरणाऱ्यांमध्ये हा अंश सिगारेटवाल्यांपेक्षा ९७ टक्के कमी होता. मात्र त्याच अभ्यासात सिगारेट आणि व्हेप दोन्ही चालू ठेवणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता "वीस वर्षांचा हिशेब". सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी दाखवला, मग १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला आणि पन्नास वर्षांचा निकाल २००४ मध्ये आला. आज आपण सिगारेटबद्दल छातीठोक बोलतो ते अशा कामाच्या जोरावर. आजच्या धर्तीचं व्हेप २००३ मध्ये चीनमध्ये बनलं आणि युरोपात २००६ च्या सुमारास पोचलं. फुप्फुसाचा कर्करोग उमटायला २० ते ३० वर्षं लागतात. शिवाय व्हेप वापरणारे बहुतेक प्रौढ आधी सिगारेट ओढत होते, त्यामुळे उद्या त्यांना काही झालं तर ते कोणाच्या खाती टाकायचं हा गुंता आहे. आणि कधीच सिगारेट न ओढलेले व्हेपवाले अजून तरुण आहेत. म्हणून कर्करोगाबद्दल आजचं मत शरीरात किती विष जातं या मोजमापावरून बनलेलं आहे, मृत्यूंच्या मोजणीवरून नव्हे. मोजमाप चांगलं आहे, पण हा भेद लक्षात ठेवा.

श्वासनलिकांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. व्हेपनंतर श्वासमार्गाला सूज, घशाची जळजळ, खोकला, घरघर हे दिसतं, आणि दमा असलेल्यांचा दमा चाळवतो. सिगारेटने संवेदनशील माणसाची फुंकण्याची क्षमता वर्षाला ५०-६० मिलीने घटते. धूम्रपान न करणाऱ्यात वयोमानाने २५-३० मिलीने. सिगारेट थांबली की ही घसरण पुन्हा साधारण वेगावर येते, गेलेली क्षमता मात्र परत येत नाही. व्हेपने सीओपीडी सिगारेटइतक्या वेगाने होतो असं दिसलेलं नाही, पण निरोगी फुप्फुसाला ते काहीच करत नाही असं म्हणायलाही आधार नाही.

हृदयाचा निकाल त्यापेक्षा लवकर लागतो, कारण तिथे परिणाम महिन्यांत दिसतात. निकोटिन कशातूनही गेलं तरी नाडी आणि रक्तदाब वाढवतं. पण रक्तवाहिनीचं अस्तर खराब करण्यात धुराचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये डंडी इथे ११४ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत (२०१९) व्हेपवर गेलेल्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता एका महिन्यात सुधारली.

तुमच्या भावाबद्दल आणखी एक. त्याच ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासात पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुर्मान, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ६ वर्षांनी वाढलं. साठीत सोडणाऱ्यांचं ३ वर्षांनी. ५५ व्या वर्षी प्रत्येक वर्ष मोलाचं आहे.

आणि ३० वर्षांचा इतिहास व्हेपने पुसला जात नाही. रोज १५ म्हणजे पाऊण पाकीट; गुणिले ३० वर्षं, म्हणजे साडेबावीस "पॅक-इयर". इंग्लंडमध्ये ५५ ते ७४ वयाच्या, कधीही सिगारेट ओढलेल्या लोकांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी बोलावतात. आधी प्रश्न विचारून धोका ठरवतात, तो जास्त असेल तर कमी किरणोत्साराचा सीटी स्कॅन. पत्र आलं तर "मी आता व्हेपवर आहे" म्हणून टाळू नये. त्याच्या दवाखान्यातल्या नोंदीत धूम्रपानाचा इतिहास नीट लिहिलेला आहे का, हेही बघायला सांगा; नोंद नसेल तर पत्रच येणार नाही.

---

जनस्वास्थ्य_पुणे

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत. पण "व्हेप ९५ टक्के कमी घातक" हा आकडा कुणीतरी इथे आणणारच, म्हणून आधीच लिहितो.

हा आकडा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये उचलून धरला. त्याचं मूळ २०१४ साली छापलेल्या एका लेखात आहे. काही तज्ज्ञांनी एकत्र बसून बारा प्रकारच्या निकोटिन उत्पादनांना चौदा निकषांवर गुण दिले, त्यातून तो निघाला. म्हणजे तो जाणकारांचा अंदाज आहे. कुणी लोकांचा पाठपुरावा करून मोजलेला नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ मध्येच यावर कडक टीका केली होती. त्यातही तो अंदाज त्या काळच्या उपकरणांचा होता. निकोटिन क्षारांवर चालणारी उपकरणं त्यानंतर पसरली. बेंझोइक आम्लामुळे निकोटिन घशाला बोचत नाही आणि म्हणून खूप जास्त तीव्रतेचं द्रवही सहज ओढता येतं. अमेरिकेत ५ टक्क्यांची, म्हणजे मिलीमागे ५० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिनची, उपकरणं खुलेआम विकली गेली आणि २०१९ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात व्हेप केल्याचं सांगितलं. ब्रिटन आणि युरोपात मर्यादा मिलीला २० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे एका देशाचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तुलना कुणाशी करतोय ते आधी ठरवा. ५५ वर्षांच्या, तीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसासाठी तुलना सिगारेटशी आहे आणि तिथे व्हेप बऱ्याच फरकाने बरं. १७ वर्षांच्या, कधी सिगारेट न ओढलेल्या मुलासाठी तुलना स्वच्छ हवेशी आहे, आणि त्याच्यासाठी व्हेप म्हणजे निव्वळ नुकसान: मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटिनची सवय घट्ट बसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१८ च्या अहवालात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. सिगारेटऐवजी पूर्णपणे व्हेप वापरलं तर विषारी द्रव्यांचा संपर्क घटतो याचा पुरावा निर्णायक. आणि व्हेप करणारी मुलं पुढे सिगारेट ओढून बघण्याची शक्यता वाढते याचाही पुरावा भक्कम. घरात कॉलेजची मुलं असतील तर मामाच्या हातातलं व्हेप त्यांच्यासमोर मिरवलं जाऊ नये, ही विनंती.

---

रसायन_शाळा

पॉपकॉर्न लंगबद्दल.

लोण्याच्या स्वादासाठी वापरल्या जाणाऱ्या डायअ‍ॅसिटिलची वाफ श्वासात जाऊन अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यातले कामगार आजारी पडले, २००० सालच्या सुमाराला हे उघडकीस आलं. या आजारात सर्वांत लहान श्वासनलिका व्रणांनी बंद होतात आणि ते भरून निघत नाही. व्हेपच्या काही स्वादांमध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं होतं, म्हणून हे नाव व्हेपला चिकटलं. ब्रिटन आणि युरोपात निकोटिनच्या द्रवात ते घालायला बंदी आहे. सिगारेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल त्याहून कितीतरी जास्त असतं, हे फिरणाऱ्या मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

दुसरा मेसेज २०१९ च्या अमेरिकेतल्या मृत्यूंचा असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू. पण ते बहुतांश गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या व्हेप-नळकांड्यांमुळे. अर्क दाट दिसावा म्हणून त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं जाई. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातलं द्रव तपासलं तेव्हा ४८ जणांत ते सापडलं. गिळलं तर निरुपद्रवी, फुप्फुसात गेलं तर घातक. "खाण्यासाठी सुरक्षित" असं लिहिलेला स्वाद श्वासातही सुरक्षित असतो हा समज म्हणूनच चुकीचा आहे. दालचिनीच्या स्वादातलं सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या केसासारख्या तंतूंची हालचाल मंदावतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, आणि दालचिनी आपण रोज खातो.

भावाने प्रत्यक्षात काय सांभाळायचं ते सांगतो, कारण एकाच द्रवातून कमी किंवा जास्त विष निघणं उपकरणावर अवलंबून असतं.

ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त तापले की तुटतात आणि फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन तयार होतात. गुंडाळीभोवतीचा कापूस कोरडा पडला की तापमान एकदम चढतं. जळका, घशात टोचणारा स्वाद येतो तो हाच, आणि तो आला की लगेच थांबायचं. नवी गुंडाळी बसवली की टाकी भरून दहा मिनिटं तशीच ठेवावी, कापूस पूर्ण भिजला पाहिजे. टाकी चौथ्या हिश्श्याच्या खाली जाऊ देऊ नये. लागोपाठ झुरके मारू नयेत, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावं म्हणजे द्रव पुन्हा झिरपतं. २० मिलिग्रॅमच्या द्रवासाठी एक ओहम किंवा त्याहून जास्त रोधाची गुंडाळी आणि १० ते १५ वॉट पुरतात. मोठ्या ढगांसाठी बनवलेली अर्ध्या ओहमपेक्षा कमीची, ४०-६० वॉटची उपकरणं याच द्रवावर चालवली तर निकोटिनही जास्त जातं आणि विघटनही वाढतं.

गुंडाळी एक-दोन आठवड्यांत बदलावी. ती निकेल-क्रोमियमची किंवा लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची तार असते. जुनी झाली की धातूंचे अंश थेंबांबरोबर येतात. शिसं बहुधा सांध्यांतून आणि स्वस्त मिश्रधातूंतून येतं. गोड द्रवातलं सुक्रालोज (कृत्रिम गोडी आणणारं द्रव्य) तारेवर काळा थर धरतं आणि गुंडाळी चार-पाच दिवसांतच खराब होते. म्हणून फार गोड स्वाद टाळलेले बरे.

ब्रिटनमध्ये निकोटिनची बाटली १० मिलीपेक्षा मोठी, टाकी २ मिलीपेक्षा मोठी आणि तीव्रता २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि उत्पादनाची तिथल्या औषध नियंत्रकाकडे नोंद लागते. "दहा हजार झुरके" असं लिहिलेलं, ५ टक्क्यांचं काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल तर ते बेकायदा. एकदाच वापरून टाकायच्या व्हेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून तिथे बंदी आहे. एक बारकावा: "शून्य निकोटिन" द्रवाला हे नियम लागू होत नाहीत. शून्य म्हणजे जास्त तपासलेलं, असं गृहीत धरू नये.

बाटली मुलांपासून दूर. १० मिली गुणिले २० म्हणजे २०० मिलिग्रॅम निकोटिन एका छोट्या बाटलीत असतं. लहान मुलाने चुकून थोडं गिळलं तरी उलट्या, घाम, पुढे झटके येऊ शकतात. वाट न बघता रुग्णालयात न्यायचं.

---

तंबाखूमुक्ती_समुपदेशक

शनिवार-रविवारच्या सिगारेटींवर मी थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

लोकांना वाटतं, १५ वरून २ वर आलो म्हणजे धोका सातपटीने कमी झाला. कर्करोगाचा धोका मात्रेप्रमाणे बराच घटतो, पण हृदयाचा तसा घटत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं की रोज २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग रोज फक्त एका सिगारेटनेही येतो. रक्त चिकट होणं आणि धमनीचं अस्तर दुखावणं थोड्या धुरानेही जवळपास पूर्ण सुरू होतं. पंचावन्नाव्या वर्षी सर्वांत जवळचा धोका हृदयाचाच.

केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात, १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भाग) खाली असेल तर "धूम्रपान नाही" असं धरतात. व्हेपने तो आकडा वाढत नाही. मात्र हा वायू रक्तातून दिवसभरात निघून जातो. रविवारी रात्री ओढलेली सिगारेट बुधवारच्या यंत्रात दिसणार नाही. आकडा ३ आला म्हणून सगळं ठीक असं भावाने समजू नये. आठवडाअखेर खुणावत असेल तर केंद्राला तसं स्पष्ट सांगावं; ते मदत वाढवतात, रागावत नाहीत.

करायचं असं. शनिवारची सिगारेट बहुधा दारूबरोबर किंवा बाहेर उभ्या घोळक्यात होते. तिथे जायच्या आधी २१ मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) सकाळीच लावलेला असावा आणि तल्लफ आली की वरून व्हेप किंवा निकोटिनची गोळी. पॅच आणि झटपट काम करणारं दुसरं काही, ही जोडी एकट्या उपायापेक्षा चांगली चालते. निकोटिन जास्त झालं तर मळमळ, डोकं गरगरणं, धडधड ही लक्षणं येतात. तसं झालं की व्हेप बाजूला ठेवायचं, पॅच काढायची घाई नको. पहिले सहा आठवडे दारूची बैठक टाळता आली तर फार बरं.

सिगारेट महिनाभर शून्यावर राहिली की मगच व्हेप उतरवायला घ्यायचं. आधी नाही. क्रम उलटा केला की माणूस सिगारेटकडे परत जातो, हे वारंवार दिसतं. २० वरून १०, मग ५ किंवा ६, मग ३, मग शून्य. प्रत्येक पायरीवर तीन-चार आठवडे. फक्त तीव्रता बघू नका, दिवसाला किती मिली संपतं ते लिहून ठेवा. २ मिली गुणिले २० म्हणजे ४० मिलिग्रॅम. १० चं द्रव घेतलं आणि दिवसाला ४ मिली संपायला लागलं तर निकोटिन तेवढंच राहिलं, वर दुप्पट वाफ छातीत गेली. असं झालं तर एक पायरी मागे जायचं आणि पॅच जोडायचा.

व्हेपने सिगारेट सुटते का, तर हो. इंग्लंडमधल्याच केंद्रांमध्ये ८८६ जणांवर झालेल्या चाचणीत (२०१९) वर्षअखेर व्हेपवाल्या गटातले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, पॅच-गम गटातले ९.९ टक्के. पण त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेपवर होते. दुसऱ्या गटात यशस्वी झालेल्यांपैकी ९ टक्केच पॅच-गमवर उरले होते. म्हणून उतरण्याची तारीख आधीच ठरवलेली असावी.

---

अनुजा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅचबद्दल भावाला आजच कळवते. बाबांबद्दल कुणी सांगेल का? विडी सोडायला ते या वेळी तयार आहेत असं वाटतंय.

---

औषधनिर्माता_नाशिक

ताई, बाबांसाठी व्हेप आणू नका. आधी कायद्याचं: भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. त्यात तंबाखू तापवणारी उपकरणंही आली. आयातीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. विमानतळावर बॅगेत सापडलं तर "भेट म्हणून आणलं" हे उत्तर चालत नाही. हे भावाच्या स्वतःच्या उपकरणालाही लागू आहे. येण्याआधी दोन आठवडे पॅच आणि निकोटिनच्या गोळ्यांवर सराव करून मगच निघावं, म्हणजे इथे उतरल्यावर तल्लफ येऊन विमानतळाबाहेरच सिगारेट पेटणार नाही. चोरून विकल्या जाणाऱ्या उपकरणाच्या वाट्याला त्याने इथे जाऊच नये. त्यात किती निकोटिन आहे आणि आणखी काय आहे, हे तपासणारं कुणी नसतं.

आता याहून महत्त्वाचं. बाबांची डेरिफायलिन. तिच्यात थिओफायलिन असतं. तंबाखूच्या धुरातली डांबरातली द्रव्यं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वेगाने चालवतात आणि तेच विकर थिओफायलिन नष्ट करतं. त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून हे औषध जवळपास दुप्पट वेगाने जातं आणि डोस त्या हिशेबाने बसलेला असतो. धूर थांबला की आठवडाभरात विकर मंदावतं, गोळी तीच राहते आणि रक्तातलं प्रमाण चढतं. मळमळ, उलट्या, हात थरथरणं, धडधड, झोप उडणं ही सुरुवातीची लक्षणं. प्रमाण फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते आणि झटके येतात. ७९ व्या वर्षी हे औषध मुळातच हळू निघतं.

हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणजे विडीऐवजी पॅच लावा किंवा व्हेप द्या, दोन्ही वेळा डोसचा प्रश्न येणारच. घरच्यांना वाटतं, निकोटिन तर चालूच आहे, मग औषधात बदल कशाला. इथेच चूक होते.

विडी बंद करायचा दिवस ठरला की त्याआधीच छातीच्या डॉक्टरांना सांगा. बहुधा ते आठवड्याने डोस चौथाई ते एक-तृतीयांश कमी करतात, किंवा गोळी बंद करून इनहेलरवरच भर देतात. स्वतःहून कमी करू नका. त्या काळात छातीत संसर्ग होऊन सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं तर "डेरिफायलिन चालू आहे आणि नुकतीच विडी सोडलीय" हे दोन्ही सांगा. ही प्रतिजैविकंही थिओफायलिन चढवतात. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: विडी पुन्हा सुरू झाली तर कमी केलेला डोस अपुरा पडतो, म्हणून लपवू नका असं बाबांना प्रेमाने सांगून ठेवा.

---

तंबाखूमुक्ती_समुपदेशक

बाबांच्या सोडण्याबद्दल मी भर घालते.

विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, असा समज खूप आहे. तेंदूचं पान हवा कमी आत घेतं, विडी विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार ओढावी लागते, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड भरपूर जातं. १०-१२ विड्या सीओपीडीत फार आहेत.

निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, पण कवळीला तो चिकटतो आणि कवळी हलते. त्यांना चोखायची गोळी बरी: गालात ठेवून हळूहळू विरघळू द्यायची, चावायची नाही, गिळायची नाही. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको; तोंड आम्लधर्मी झालं की निकोटिन शोषलं जात नाही आणि "गोळी लागूच पडत नाही" अशी तक्रार येते. सकाळचा चहा आणि विडी ही जोडी असेल तर क्रम बदला: उठल्यावर गोळी, ती संपल्यावर चहा.

पॅच लावायचा तर त्यांचं वय आणि विड्यांची संख्या बघून डॉक्टर बहुधा १४ मिलिग्रॅमपासून सुरू करतील. दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून. विचित्र स्वप्नं पडायला लागली तर रात्री काढून ठेवायचा. छातीत दुखणं किंवा अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पुढे ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं तर त्या खोलीत एकही विडी, उदबत्ती, निरांजन नको. चेहरा भाजण्याचे प्रकार होतात.

आणखी एक लक्ष ठेवा, हे खास आपल्याकडचं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू-मशेरी-गुटखा वापरणारे २४.४ टक्के. विडी सुटली की चिमूटभर चुना-तंबाखू किंवा सकाळची मशेरी हळूच सुरू होते. घरचे धूर नाही म्हणून निश्चिंत असतात आणि तोंडाचा कर्करोग तिथून येतो. कवळी काढल्यावर हिरड्या, गालाची आतली बाजू आणि जिभेखाली दर महिन्याला उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली तर दाखवा.

फोनवर मदत १८००-११-२३५६ वर मिळते, सोमवारी सोडून. हा क्रमांक विडीच्या पाकिटावरही छापलेला असतो. मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा.

---

फुप्फुसतज्ज्ञ_मिरज

डेरिफायलिनचा मुद्दा इथे आला हे फार चांगलं झालं. एक दुरुस्तीवजा सूचना: सोडण्याची तारीख दिवाळीच्या आधी किमान तीन आठवडे धरा. डोस बदलून स्थिर होईपर्यंत फटाक्यांचा धूर आणि पाहुण्यांची गर्दी नको. त्याआधी स्पायरोमेट्री (फुंकण्याची क्षमता मोजणारी चाचणी) एकदा करून ठेवा, पंपाआधी आणि पंपानंतर अशी. इनहेलर ते कसा घेतात हे डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष दाखवायला लावा, कारण निम्मी तक्रार तिथेच असते: पंप दाबणं आणि श्वास ओढणं यांची वेळ जुळत नाही आणि औषध घशातच राहतं. ७९ व्या वर्षी स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावूनच द्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी झाल्या नसतील तर त्याच भेटीत विचारा.

विडी थांबल्यावर पहिले दोन-तीन आठवडे खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटेल. श्वासनलिका स्वतःला साफ करायला लागतात त्याने तसं होतं, आणि "विडी होती तेच बरं होतं" असं बाबा म्हणण्याची वेळ हीच. कफ हिरवा-पिवळा झाला, ताप आला किंवा बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली गेला तर मात्र तो सोडण्याचा परिणाम समजू नका, त्याच दिवशी दाखवा. नेहमीचा आकडा किती असतो ते आजच, बसून पाच मिनिटं झाल्यावर, मोजून लिहून ठेवा.